टिपणीतला कर्ता

जागा एक. अंगणवाडी मदतनीस, उमरटोला.
फाइलवर धुळीपेक्षा माझ्याच बोटांचे ठसे जास्त.

सायत्रा नेवारे, सातवी पास,
नऊ वर्षं तिथली चूल पेटवते.
आधीची मदतनीस वारली, जागा रिक्त राहिली,
पोरांची पोटं मात्र कागदावर थांबेनात
म्हणून सेविकेनं तिला हाक मारली.
महिन्याचे पाचशे सेविकेच्या पदरातून,
रोवण्याच्या दिवसांत तेही उधार.
आता भरती निघाली, आणि अट आली: बारावी.

डिलेश्वरी लंजे, बारावी, एकाहत्तर टक्के.
अर्ज निळ्या शाईत, कुठं खाडाखोड नाही.
नोकरी तिलाही हवीच आहे.
टेबलाला टेकून म्हणाली,
"बाबूजी, मी शिकली, हे चुकलं का?"
मी पंख्याकडे बघितलं. लाइट नव्हती.

साहेब म्हणाले, "विशेष बाब म्हणून टाका.
अट शिथिल करण्यात येत आहे, असं लिहा."

हे वाक्य मला पाठ आहे.
बत्तीस वर्षं लिहितोय,
त्यात एकदाही कर्ता आला नाही.
करण्यात येत आहे.
धानात करगा उगवावा तसं,
पेरलेला कुणीच नसतो.

एकदा टाकली होती विशेष बाब.
मनिराम टेंभुर्णे, नळयोजनेचा पंप, वय दोन वर्षं जास्त.
माणूस असा की रात्री दोनला उठून व्हॉल्व फिरवायचा.
खाली मीच लिहिलं होतं:
हा पूर्वदाखला समजण्यात येऊ नये.
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या आदेशाच्या
अकरा झेरॉक्स माझ्याच टेबलावर आल्या.
आठव्या झेरॉक्सवर सभापतीचा भाचा लागला.
त्याच्या गावची टाकी अजून कोरडी आहे,
पोरं तिच्यावर कोळशानं स्टंप काढतात.

बाप माझा पाणकर होता, गावतलावाचा.
तुडुमाला एकाखाली एक भोकं,
भोकाभोकात लाकडाचा डट्टा.
कोणत्या साली किती उपसायचे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
आभाळ बघायचा, बांध्या बघायचा, कुणाचं रोप पिवळं पडलं ते बघायचा.
पण डट्टा उपसला की तो घरी येत नसे.
पाळीवर बसून राहायचा तंबाखू मळत,
शेवटची बांधी भिजेस्तोवर.
माय मला डबा घेऊन पाठवायची.
अंधारातून कुणी ओरडलं, "पानी कोनं सोडलं रे?"
तर खाकरायचा.
"मी."

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर टिपणी लिहिली.
अट शिथिल करावी, अशी मी शिफारस करतो.
कारण: नऊ वर्षं, छत्तीस पोरं; सेविकेची वही सोबत जोडली आहे.
सायत्रा नेवारे यांनी चार वर्षांत दहावी करावी,
नाहीतर जागा पुन्हा निघेल.
डिलेश्वरी लंजे हिच्यावर यात अन्याय होतो. तो मी नोंदवतो.
ही टिपणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.
खाली सहीची वेलांटी नाही,
पूर्ण नाव, बापाच्या नावासकट,
वाचता येईल असं.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
"एवढं मी मी कायले लिहिता?
चार महिने राहिले तुमचे."
मग समासात लाल शाईनं: चर्चा करावी.

चर्चा झालेली नाही.
आज बुधवार. उमरटोल्यात मटकीची उसळ असेल,
आणि हजेरीपटात सायत्राची ओळ अजून नाही.
दुपारच्या टपालात डिलेश्वरीचा अर्ज आला,
माहितीच्या अधिकारात,
दहा रुपयांचं तिकीट कोपऱ्यात सरळ चिकटवलेलं:
अट कोणी शिथिल केली, का केली, नाव द्यावे.

बरं केलं पोरी.
उत्तर माझ्याच टेबलावरून जाणार.
पहिला शब्द ठरलेला आहे.